पार्श्वभूमी : वस्त्रगाळ पाणी आणि आफ्रिकेतला नारू

नारू म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना पायविहिरीच्या पायऱ्या आठवतात आणि पोटरीतून बाहेर डोकावणारा दोऱ्यासारखा पांढरा जंत. महाराष्ट्रातही हा रोग होता. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. आफ्रिकेतली लढाई मात्र अजून सुरू आहे. ती कोणी लढली, हे नीट सांगायला हवं.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने नारू निर्मूलनाचा ठराव केला. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने हे काम हाती घेतलं. तेव्हा आफ्रिका आणि आशियात मिळून वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे, असा अंदाज आहे. या रोगावर लस नव्हती आणि औषधही नव्हतं. आजही नाही.

तळ्याच्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीकशा जलचरामधून या जंताची अळी पोटात जाते. वर्षभर काही जाणवत नाही. मग पायावर फोड येतो, आग होते, माणूस गारव्यासाठी पाय पाण्यात बुडवतो आणि फोडातली जंताची मादी तिथेच हजारो अळ्या सोडते. मीटरभर लांबीची ती मादी काडीला गुंडाळत रोज थोडीथोडी ओढून काढावी लागते. त्यात कित्येक आठवडे जातात, तेही बहुधा पेरणी-कापणीच्या दिवसांत. मालीतले डोगोन लोक याला रिकाम्या कणगीचा रोग म्हणतात. याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

औषधच नाही म्हटल्यावर सगळी मदार माणसांवर आली. गावानेच आपल्यातला स्वयंसेवक निवडायचा. त्याने घरोघर फिरून रुग्ण शोधायचे, जखम धुऊन बांधायची, रुग्णाला तळ्यात उतरू द्यायचं नाही आणि दर महिन्याला आकडा कळवायचा. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्रांचे तक्ते आले. पाणी गाळायला बारीक विणीचं नायलॉनचं कापड वाटलं गेलं. रानात किंवा वाटेवर पाणी पिणाऱ्यांना गळ्यात अडकवायची गाळणीची नळी मिळाली. तळ्यात सायक्लॉप्स मारणारं टेमिफॉस हे रसायन टाकलं जाई. पण काही गावांत तळं पूर्वजांचं मानत, तिथे ते टाकायला लोकांचा विरोध होई. अशा वेळी बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा गावातल्याच वडीलधाऱ्याचा शब्द चाले. घानात रेड क्रॉसच्या महिला स्वयंसेविका उतरल्या, आणि ते योग्यच झालं. पाणी भरणाऱ्या बायका असताना गाळणीचं शिक्षण पुरुषांनाच देण्यात काय अर्थ होता?

मोठ्या पदांवरचे लोकही पुढे आले. मालीचे माजी राष्ट्रप्रमुख अमादू तुमानी तुरे आणि नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख याकुबू गोवन स्वतः गावोगाव फिरले. सुदानमध्ये यादवी चालू असताना कार्टर यांनी १९९५ मध्ये युद्धबंदी घडवून आणली. ती जवळजवळ सहा महिने टिकली आणि तेवढ्या काळात आरोग्यसेवक एरवी बंद असलेल्या गावांपर्यंत पोचले. गाळणीची कापडं वाटायला बंदुका थांबल्या, हे मला आजही विलक्षण वाटतं.

१९८० च्या दशकाअखेरच्या पाहणीत नायजेरियात साडेसहा लाखांवर रुग्ण आढळले होते. तिथे शेवटचा रुग्ण २००८ मध्ये, तर घानात २०१० मध्ये नोंदला गेला. २०२४ मध्ये जगभरात माणसांमधले रुग्ण फक्त १५ होते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कार्टर गेले. शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, ही त्यांची इच्छा अपुरी राहिली.

अडलं ते मुख्यतः चाड या देशात. दहा वर्षं रुग्ण नव्हते, आणि २०१० मध्ये ते पुन्हा सापडले. २०१२ पासून कुत्र्यांमध्येही नारू आढळू लागला. त्यामुळे स्वयंसेवकांचं काम आता बदललं आहे. नारू झालेली कुत्री बांधून ठेवायची, कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरून टाकायची आणि मासे नीट शिजवूनच खा, हे घरोघर सांगत राहायचं.