पेशी मेली की फक्त रंग उडाला? कंपवाताच्या प्रयोगांतल्या मोजणीची पार्श्वभूमी

खानापूरच्या रानात दिवाळीनंतर खाजकुहिलीच्या शेंगा लोंबायला लागतात. त्यांच्या बियांत एल-डोपा (मेंदूत ज्यापासून हालचालींना लागणारं डोपामिन बनतं ते द्रव्य) असतो, हे १९३७ सालापासून ठाऊक आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ज्या घरात कंपवाताचा (पार्किन्सनचा) रुग्ण असतो, तिथं ‘या बियांनी उंदरांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी वाचवल्या’ असा निरोप फिरत फिरत येतोच. बेळगावातल्या अनगोळच्या एका काकूंनी, ज्यांच्या घरी काकांना कंपवात आहे, तो मला दाखवला आणि विचारलं, ‘वाचल्या म्हणजे किती, आणि मोजलं कोण ते?’ मी काही वर्षं हेच मोजायचं काम केलं आहे. काकूंचा प्रश्न मला फार नेमका वाटला.

माणसाच्या मेंदूतला सब्स्टॅन्शिया नायग्रा हा डोपामिन पेशींचा भाग नावाप्रमाणे (नायग्रा म्हणजे काळा) काळा असतो. कंपवातात तो फिकट पडतो आणि ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. १९१९ मध्ये त्या जागेचं महत्त्व मांडलं गेलं, १९६० मध्ये डोपामिनची कमतरता सिद्ध झाली. उंदराच्या मेंदूत मात्र हा काळा रंग नसतोच. तिथं पेशी रंगवाव्या लागतात, आणि पुढचे सगळे वाद या रंगापासून सुरू होतात.

प्राण्यांमध्ये हा आजार घडवायच्या दोन वाटा रुळल्या. पहिली, १९६८ पासूनची: ६-हायड्रॉक्सीडोपामिन हे डोपामिन पेशी मारणारं विष थेट मेंदूत टोचायचं. दुसरी वाट अपघाताने सापडली: कॅलिफोर्नियात काही तरुणांनी भेसळीचा अमली पदार्थ टोचून घेतला आणि थोड्याच दिवसांत ते लाकडासारखे ताठ झाले. त्यातलं विष एमपीटीपी हे १९८३ मध्ये जाहीर झालं. माकडं आणि छोटे उंदीर, म्हणजे माउस, त्याला बळी पडतात. रॅट, म्हणजे मोठा उंदीर, बराच तग धरतो. मराठीत दोन्ही उंदीरच, म्हणून बातमीत हा फरक हरवतो.

सुरुवातीला मोजणी साधी होती. मेंदूचे चारदोन काप घ्यायचे, दिसतील त्या पेशी मोजायच्या, १९४६ च्या एका सूत्राने दुरुस्ती करायची. यातली खोट अशी की मोठी पेशी जास्त कापांत सापडते आणि आक्रसलेली कमी. विषाने पेशी आधी आक्रसते. म्हणजे एकही न मरता आकडा खाली येऊ शकतो. १९८४ आणि १९९१ मध्ये आलेल्या स्टिरिओलॉजीच्या, म्हणजे कापांवरून पेशींची खरी संख्या काढण्याच्या, पद्धतींनी ही खोट काढली. नव्वदच्या दशकात त्यावरून कडाक्याचे वाद झाले. ‘दोन्ही गटांत चूक सारखीच असेल तर बिघडलं कुठं?’ असं जुन्या पद्धतीवाले म्हणत. मला ते कधीच पटलं नाही, कारण विष दिलेल्या गटात पेशीचा आकारच बदलतो. मग चूक सारखी राहील कशी?

प्रत्यक्ष काम असं चालतं. दर सहावा काप घ्यायचा, पहिला कुठला ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. शंभर पटीचं तेलाचं भिंग लावायचं. पडद्यावर एक चौकट येते, तिच्या दोन बाजू हिरव्या, दोन लाल. लाल रेघेला टेकलेली पेशी सोडायची. फोकसचं चाक हळूहळू फिरवलं की तपकिरी पेशीच्या मध्यातला ठिपका एका क्षणी लख्ख होतो. तेव्हाच ती मोजायची. क्षेत्राचा सहावा आणि जाडीचा निम्मा भाग पाहून १५० पेशी मिळाल्या, तर १५० × ६ × ६ × २ = १०,८००. रॅटच्या निरोगी मेंदूत एका बाजूला साधारण एवढ्याच भरतात. कुठला प्राणी कुठल्या गटातला, हे मोजणाऱ्याला माहीत असता कामा नये.

आता मुख्य गुंता. तो तपकिरी रंग पेशीचा नाही. डोपामिन बनवणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराचा (एन्झाइमचा) आहे. विकर आटलं की पेशी जागेवर असूनही दिसत नाही. इंग्रजी शोधनिबंधात ‘लॉस’ असं लिहून दोन्ही अर्थ झाकले जातात. मराठीत आपल्याला निवडावं लागतं, ‘मेल्या’ की ‘दिसेनाशा झाल्या’, आणि बातमी लिहिणारा बेधडक ‘मेल्या’ लिहितो. नव्वदच्या दशकातच हा फरक दिसला होता. तंतूंवाटे मागं पेशीपर्यंत जाणारा चमकणारा रंग आधी भरून ठेवला, मग विष दिलं. काही आठवड्यांनी चमकणाऱ्या पेशी तपकिरी पेशींपेक्षा जास्त निघाल्या; त्या होत्या, फक्त आक्रसून विकर हरवून बसल्या होत्या. एमपीटीपी दिलेल्या उंदरांतही आधी घसरलेला आकडा पुढं काही अंशी चढतो. नवी चेतापेशी उगवली म्हणून नव्हे, रंग परतला म्हणून.

यावर उपाय म्हणजे दुसरा, जांभळा निस्सल रंग देऊन त्याही पेशी मोजायच्या. दोन्ही आकडे पडले तर मृत्यू मानायचा. अडचण अशी की निस्सल डोपामिन नसलेल्या पेशीही रंगवतो आणि आक्रसलेली चेतापेशी आधारपेशीसारखी (चेतापेशींना आधार देणाऱ्या छोट्या पेशीसारखी) भासते. तरीही दोन्ही मोजायलाच हवेत. एकट्या तपकिरी आकड्यावर ‘वाचल्या’ म्हणणं मला घाईचं वाटतं.

सीमेचाही प्रश्न आहे. नायग्राला खेटून दुसरा डोपामिन भाग आहे, तिथल्या पेशी जास्त टिकतात. १९५६ पासून सीमावादात ‘खेडं घटक धरायचं की तालुका’ हे ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना रेघेचं महत्त्व सांगायला नको. समजा नायग्रात १०,००० च्या ४,००० उरल्या, तर घट ६० टक्के. शेजारच्या ८,००० पैकी ७,००० उरल्या आणि दोन्ही एकत्र धरल्या, तर ती ३९ टक्क्यांवर येते. उंदीर तेच, विष तेच.

अलीकडे अख्खा मेंदू पारदर्शक करून किंवा संगणकाला शिकवून मोजणी होते. वेग वाढला, पण रंग बहुधा तोच आणि संगणकाला शिकवणारा माणूसच.

काकूंना मी आणखी एक गोष्ट सांगितली. एमपीटीपी मेंदूत गेल्यावर एका विकरामुळे खऱ्या विषात बदलतं आणि मग डोपामिन पेशीत शिरतं. आधीच दिलेल्या औषधाने ते विकर अडवलं, तर पेशी वाचलेल्या दिसतात, कारण विष तयारच झालं नाही. माणसाचा आजार असा एका दिवशी टोचलेला नसतो. खाजकुहिलीने हात सैल झाला तर त्यासाठी एकही पेशी वाचलेली असायची गरज नाही. बियांतला एल-डोपा तेवढं करतो. काकांच्या गोळीतही तोच आहे, म्हणून चूर्ण सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा म्हटलं. त्यांनी निरोपाखाली दिलेला दुवा उघडून दाखवला. मोजणी एकाच रंगावर होती.