मार्गक्षमता (रेल्वे)

एखाद्या रेल्वेमार्गावरून चोवीस तासांत सुरक्षितपणे किती गाड्या काढता येतील, ती संख्या म्हणजे मार्गक्षमता. ती ठरते त्या मार्गावरच्या सर्वांत वेळखाऊ टप्प्यावर, म्हणजे लागून असलेल्या दोन स्थानकांमधल्या भागावर. भारतीय रेल्वेत यासाठी स्कॉटचे सूत्र वापरतात : त्या टप्प्यात सर्वांत संथ गाडीला लागणारा वेळ आणि लाइन क्लिअर (पुढचा टप्पा मोकळा असल्याची परवानगी) मिळायला लागणारा वेळ यांच्या बेरजेने १४४० मिनिटांना भागायचे व आलेल्या संख्येचे ७० टक्के धरायचे. धावायला १५ आणि लाइन क्लिअरला ५ मिनिटे लागत असतील, तर दिवसाला ५० गाड्या.

मुंबईत लोकलला बऱ्याच भागात स्वतंत्र रूळ आहेत आणि एका रुळावरच्या गाड्या साधारण सारख्याच वेगाच्या, म्हणून त्या काही मिनिटांच्या अंतराने सोडता येतात. मेट्रोचेही तेच. खान्देशात उपनगरी सेवा नाही, पण अपडाऊन करणारे पुष्कळ आहेत. पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर, धरणगावाहून जळगावला किंवा जळगावहून भुसावळला पासावर जाणारा नोकरदार, विद्यार्थी, दवाखान्यात निघालेला शेतकरी. त्यांची मेमू (सगळीकडे थांबणारी विजेची प्रवासी गाडी) ज्या रुळांवरून जाते त्यांवरूनच लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसही जातात आणि मालगाड्याही. वेगांत एवढी तफावत असली की क्षमता झपाट्याने खाली येते : मागून एक्स्प्रेस येत असेल तर थांबत थांबत जाणारी गाडी लूप लाइनला (स्थानकातल्या बाजूच्या रुळावर) घ्यावी लागते, आणि कार्यालयाची वेळ टळते ती तिथेच.

सुरतजवळच्या उधन्याहून येणाऱ्या उधना–जळगाव या ३०६ किमी मार्गाच्या दुहेरीकरणाचे लोकार्पण २०१९ मध्ये झाले. जळगाव–मनमाड चौथ्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. लांबी १६० किमी. या वाढीव क्षमतेतला सकाळ-संध्याकाळचा वाटा अपडाऊनवाल्यांसाठी राखून ठेवायलाच हवा. वेळापत्रकात तशी जागा धरली नाही, तर नवा रूळही मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांनीच भरून जाईल.

चाळीसगाव–धुळे शाखा एकेरी आहे. तिथे समोरासमोरच्या गाड्या फक्त स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात, त्यामुळे एक फेरी वाढवायची तरी आधी क्रॉसिंग कुठे द्यायचे ते पाहावे लागते.