पत्र पावले, मजकूर कळला

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एके सकाळी ७.१० ला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आज पाणी येणार ना?" पाठोपाठ कुणी पार्किंगमध्ये आडव्या लावलेल्या गाडीचा विषय काढला, कुणी लिफ्ट सुरू झाली का विचारलं, मध्येच सुप्रभातचं गुलाबाचं फूल. ७.४० ला सेक्रेटरींनी लिहिलं, "हो." ते लिफ्टबद्दल होतं. काकूंनी पिंप भरलं नाही, आणि त्या दिवशी नेमका शटडाऊन. दुपारचा वाद पाण्यावरून कमी, त्या 'हो'वरूनच जास्त रंगला.

उत्तर कशाचं आहे ते आधी सांगायचं, ही रीत आपल्याकडे बरीच जुनी. पेशवेकालीन मोडी पत्रांची सुरुवात ठरलेली असे: पत्र पाठविले ते पावले, मजकूर कळला. मग समोरच्याचं म्हणणं थोडक्यात पुन्हा मांडायचं, "म्हणोन लिहिले" असं म्हणून ते बंद करायचं, आणि त्यापुढे आपलं उत्तर. जासूद पोचेपर्यंत दिवसच्या दिवस जात. आपण काय विचारलं होतं ते विचारणाऱ्याच्याही ध्यानात राहायचं नाही. कुणाला कोणता मायना लिहायचा यासाठी तर मेस्तकं, म्हणजे पत्रलेखनाच्या नियमांची पुस्तकं, होती, त्यातलं एक हेमाडपंतांच्या नावावर सांगितलं जातं. शास्त्रीबुवांच्या वादातही आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मगच खंडन.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या संगणकवाल्यांना हीच अडचण आली आणि त्यांनी हाच तोडगा काढला. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी यूझनेटची, म्हणजे संगणकांवरून चालणाऱ्या चर्चागटांच्या जाळ्याची, कल्पना मांडली. संदेश एका संगणकावरून दुसऱ्याकडे टेलिफोनच्या तारेने, टप्प्याटप्प्याने जात. त्यामुळे कधी कधी मूळ प्रश्नाआधी उत्तरच येऊन थडकायचं. म्हणून मूळ ओळी बाणासारखी खूण करून वर उतरवायच्या आणि खाली उत्तर लिहायचं, असा प्रघात पडला. चेहरा दिसत नसल्याने थट्टाही अंगाशी यायची. १९८२ मध्ये स्कॉट फालमन यांनी विरामचिन्हांचा हसरा चेहरा सुचवला तो त्यावरचा उपाय.

हे सगळं ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी 'आरएफसी १८५५' या इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या दस्तऐवजात एकत्र केलं. संदर्भापुरतंच उद्धृत करा, सगळं मूळ पत्र चिकटवू नका. मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरं म्हणजे ओरडणं. राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबवा. आणि नव्या गटात काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा! (आमच्याकडे नवा भाडेकरू दुसऱ्याच दिवशी मेंटेनन्सचा हिशोब मागतो.) या कडकपणामागे पैशाचंही कारण होतं: संदेशाचा खर्च पाठवणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही पडायचा.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपण मात्र ही शिस्त न शिकताच पुढे आलो. ऑफिसच्या मेलमध्ये कर्सर वरच उभा असतो. उत्तर वर, खाली जुन्या मेलची चळत.

इथल्या माणसांच्या मनात एक वेगळी भीतीही बसली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं; दुसरीने ते नुसतं लाइक केलं. दोघींना अटक झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं कलम ६६अ रद्द केलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. तरीही अ‍ॅडमिन व्हायला आमच्याकडे कुणी पटकन तयार होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ संदेश धरून उत्तर देण्याची सोय २०१६ मध्ये आली. संदेश बोटाने उजवीकडे सरकवला की झालं. सेक्रेटरींना ते जमत नाही, मेसेज उडेल अशी धास्ती वाटते. त्या 'हो'नंतर त्यांनी स्वतःची पद्धत काढली आहे: "३०२, तुमचा ७.१० चा प्रश्न पाहिला. पाण्याबद्दल विचारलंत, त्यास: दुपारी चारनंतर येईल."