दडे बसलेले कान आणि पाच डेसिबलचा हिशेब

मोठ्या आवाजातून बाहेर पडल्यावर कानाला दडे बसतात आणि झोपून उठेपर्यंत बहुधा सुटतात. ‘दडे बसणे’ या शब्दातच ते सुटणार हे धरलेले आहे. कारखान्यातल्या आवाजासाठी विसाव्या शतकात जे नियम झाले, त्यांतल्या सर्वांत वादग्रस्त नियमाने नेमके हेच धरले होते: मधे विसावा मिळाला की कान सावरतो. कान जपण्याविषयी आज जे सल्ले मिळतात त्यांतले निम्मे गोंधळ या एका गृहीतकापाशी येऊन थांबतात, म्हणून या टिपणात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

त्याआधीचे थोडक्यात. तांब्याची भांडी ठोकणारे तांबट बहिरे होतात, हे एका इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले होते. १८८६ मध्ये ग्लासगोतल्या एका कानाच्या डॉक्टरने शंभर बॉयलर-कामगार तपासले आणि त्यांचे ऐकणे पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनांशी ताडून पाहिले. बॉयलरच्या आत बसून रिबिटे धरणाऱ्यांमध्ये धड ऐकू येणारा माणूस शोधूनही सापडेना. कान जातो कशाने, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. पुढची साठ वर्षे याकडे कामाचा एक भाग म्हणूनच पाहिले गेले. मेणाचे आणि कापसाचे बोळे १९०७-०८ पासून जर्मनीत विकले जात होते, पण ते प्रामुख्याने शांत झोप हवी असणाऱ्यांसाठी.

चक्रे फिरली ती पैशामुळे. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यायालयाने निकाल दिला, की घणाच्या कारखान्यातल्या कामगाराची मजुरी एक पैशानेही बुडाली नसली तरी गेलेल्या श्रवणशक्तीची भरपाई त्याला मिळाली पाहिजे. तोवर हात तुटला तर भरपाई आणि कान गेला तर ‘पगार चालूच आहे ना’, असा व्यवहार होता. या निकालानंतर विमा कंपन्या आणि कारखानदार एकदम आवाज मोजू लागले.

मोजायचे तर मर्यादा हवी. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५६ मध्येच आपला नियम केला आणि त्यात ऊर्जेचा सरळ हिशेब धरला. तीन डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणून त्या आवाजात राहण्याची वेळ निम्मी. पण कारखान्यांसाठी नियम बनवताना तज्ज्ञांच्या एका समितीने वेगळा रस्ता धरला. कानाचे कायमचे नुकसान मोजायचे तर दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून त्यांनी स्वयंसेवकांना आवाज ऐकवला, तो बंद केल्यावर दोन मिनिटांनी त्यांना किती कमी ऐकू येते ते मोजले आणि असे मानले, की आठ तासांच्या आवाजाने आज जेवढे दडे बसतात, तेवढाच बहिरेपणा सुमारे दहा वर्षांनी कायमचा येईल. १९६६ मध्ये यावरून किचकट आलेख निघाले. कारखान्यात आवाज सलग नसतो, मधूनमधून थांबतो, त्या थांब्यात कान सावरतो, तेव्हा ऊर्जेचा हिशेब फार कडक होतो, असा त्यांचा अर्थ लावला गेला. मग आलेखांचे सोपे कोष्टक करताना तीनऐवजी पाच डेसिबलला वेळ निम्मी हा आकडा पुढे आला.

१९६९ मध्ये अमेरिकेत सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कारखान्यांसाठी हा नियम झाला. आधीच्या मसुद्यात मर्यादा ८५ डेसिबल होती, ती अंतिम नियमात ९० झाली. (इथले सगळे आकडे ए-मापनातले, म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार आवाज मोजण्याच्या पद्धतीतले.) १९७१ मध्ये तोच नियम बहुतेक सर्व उद्योगांना लागू झाला. आठ तासांना ९०, चार तासांना ९५, दोन तासांना १००, पाव तासाला ११५. कोष्टक सोपे, भिंतीवर लावायला सोयीचे. फक्त एक गोष्ट त्यात कुठेच तपासली जात नव्हती: आवाज खरोखर मधूनमधून थांबतो का. अखंड धडधडणाऱ्या मागालाही थांब्याची सवलत मिळाली. आता आठ तासांना ८५ आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, या हिशेबाने पाहा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे मिळतात, या कोष्टकात दोन तास, म्हणजे आठपट. ११० ला तिकडे जेमतेम दीड मिनिट आणि इकडे अर्धा तास. एवढ्या फरकाला ‘मतभेद’ म्हणणे मला जड जाते.

सरकारच्याच संशोधन संस्थेने १९७२ मध्ये मर्यादा ८५ करा असे सांगितले. ते झाले नाही. १९९८ मध्ये तिने पुन्हा सांगितले, या वेळी तीन डेसिबलच्या नियमासह. चाळीस वर्षांच्या नोकरीत ९० डेसिबलला साधारण २५ टक्के कामगारांच्या श्रवणशक्तीचे लक्षणीय नुकसान होते, ८५ ला ८ टक्के, असा तिचा अंदाज होता. कोष्टक तरीही तेच राहिले. ब्रिटनने १९७२ च्या आपल्या संहितेत मर्यादा ९० च ठेवली, पण हिशेब तीनचा धरला. युरोपीय देशांचा २००३ चा निर्देश तर ८० पासून कारवाई सुरू करतो आणि कानावर काही घातलेले असले तरी कानापर्यंत ८७ च्या वर पोचू नये म्हणतो.

अमेरिकेतली मधली तडजोड १९८१ ते १९८३ ची. मर्यादा ९० च, पण ८५ पासून वर्षाला एकदा श्रवणचाचणी, प्रशिक्षण आणि इअरप्लग देणे सक्तीचे. बांधकाम आणि शेती यातून वगळली गेली. यावर घणकाम करणाऱ्या उद्योगांची संघटना न्यायालयात गेली आणि तिथे जे घडले ते या सगळ्या कहाणीतले सर्वांत विचित्र प्रकरण आहे. १९८४ मध्ये अपील न्यायालयाच्या खंडपीठाने नियम रद्द केला. कारण काय, तर माणूस घरी शिकार करतो, मोठ्याने गाणी ऐकतो, त्यानेही कान जातो, मग तो दोष कारखान्याच्या गळ्यात का? १९८५ मध्ये त्याच न्यायालयाने पूर्ण पीठापुढे हा निकाल फिरवला. घरचा आवाज आहे म्हणून कारखान्याचा आवाज निरुपद्रवी ठरत नाही, एवढे साधे उत्तर मिळायला वर्ष गेले. पण खंडपीठाच्या म्हणण्यात नकळत एक खरी गोष्ट होती. ही सगळी कोष्टके पाळी संपल्यावरचे सोळा तास शांत जातात असे समजूनच केलेली होती.

दरम्यान इअरप्लग स्वस्त झाले. दाबून घातला की कानात हळूहळू फुगणारा फोमचा तुकडा १९७० च्या दशकात बाजारात आला आणि आवाज मुळाशी कमी करण्याऐवजी हा तुकडा वाटणे सोयीचे पडले. यंत्रे बदलणे ‘शक्य असेल तर’ करायचे, असे नियम म्हणतो. या ‘शक्य’ची व्याख्या २०१० मध्ये थोडी कडक करण्याचा प्रस्ताव आला आणि तीन महिन्यांत, जानेवारी २०११ मध्ये मागे घेतला गेला. १९७९ पासून इअरप्लगच्या पाकिटावर तो किती डेसिबल अडवतो ते छापावे लागते. तो आकडा प्रयोगशाळेतला, नीट बसवलेल्या प्लगचा. प्रत्यक्ष वापरात तो निम्माच धरा, असे सांगायची वेळ यंत्रणांवर आली. शिवाय तीस डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांत अर्धा तास काढून ठेवला, तर ऊर्जेच्या हिशेबाने दिवसाचे संरक्षण उरते जेमतेम बारा डेसिबल. बोलायला, जेवायला, घाम पुसायला प्लग निघतोच.

मग २००९ साल. उंदरांवरच्या एका प्रयोगात त्यांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. दडे बसले, काही दिवसांत सुटले, चाचणीत कान पूर्ववत दिसला, ऐकणाऱ्या पेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशींना श्रवणनाडीशी जोडणारे जवळजवळ निम्मे सांधे कानाच्या काही भागांत कायमचे गेले होते. माणसात हे किती प्रमाणात घडते यावर अजून वाद आहे. गोंगाटात समोरच्याचे बोलणे कळत नाही, पण चाचणीचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो, अशा तक्रारींचे एक कारण हे असू शकते. उंदरांपुरते तरी इतके नक्की, की दडे सुटले म्हणजे कान सावरला असे होत नाही. १९६६ चे आलेख ज्यावर उभे होते ते माप आता डळमळीत आहे.

अलीकडचे नियम घरच्या आवाजाकडे वळले आहेत. २०१९ मध्ये फोन आणि हेडफोनसाठी जागतिक मानक आले. मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी ७५, आणि उपकरणानेच ही शिदोरी किती खर्च झाली ते सांगायचे. २०२२ मध्ये संगीताच्या जलशांसाठीही शिफारस आली: कोणत्याही पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर नको. हेडफोनचे मानक तीन डेसिबलचेच आहे, त्यामुळे ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास मिळतात. अमेरिकेतल्या कारखान्यात त्याच ९० डेसिबलला आजही दिवसाचे आठ तास मिळतात. पाळी संपवून हेडफोन लावणाऱ्या कामगाराचा एकच कान दिवसभरात दोन वेगळ्या कोष्टकांनी मोजला जातो.