डेस्कटॉप पहिल्यांदा जोडताना: खाच कुठे वाचवते, कुठे नाही

पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या चार दुकानांतून चार कंपन्यांचे भाग आणले तरी ते एका कॅबिनेटमध्ये नीट बसतात. याचं श्रेय १९९५ साली इंटेलने मांडलेल्या एटीएक्स या मापाला जातं. पूर्ण आकाराचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर लागतात तो मुख्य बोर्ड) ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी, मागच्या पोर्टची खिडकी ठरलेल्या आकाराची. शिवाय बहुतेक जोडांना खाच असते किंवा एखादा कोपरा कापलेला असतो. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये जातच नाही, कारण दोघींची खाच वेगळ्या जागी आहे. त्यामुळे पहिल्यांदा जोडणाऱ्याने खरं तर एवढंच शिकायचं असतं की, कोणत्या ठिकाणी खाच आपल्याला अडवत नाही. घरच्या जोडणीत जे बिघडतं ते बहुधा तिथेच बिघडतं.

खरेदीची यादी प्रोसेसरपासून सुरू करा आणि लगेच खाली मदरबोर्ड लिहा. प्रोसेसर बोर्डावर ज्या जागी बसतो ते सॉकेट; एएमडीच्या एएम५ सॉकेटला १७१८ संपर्क असतात. इंटेलच्या एलजीए १७०० आणि एलजीए १८५१ मध्ये हा आकडा नावातच आहे. सॉकेट जुळलं की प्रोसेसर बसतो, पण बसला म्हणजे चालेलच असं नाही. एएम५ साठीचे बी६५० चिपसेटचे मदरबोर्ड २०२२ मध्ये आले, त्याच सॉकेटची एएमडीची रायझन ९००० मालिका २०२४ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डातलं बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डातच भरलेला प्रोग्राम) जुनं असेल तर नव्या प्रोसेसरची त्याला ओळखच नसते. पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. बोर्ड घेतानाच बायोस अपडेट करून मागा, किंवा फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. अशा बोर्डात प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून नवं बायोस भरता येतं. एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा रॅम घेण्याआधी खोक्यावर बघा. ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नसेल तर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स हवं. इंटेलच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असेल तर ते नसतं, आणि रायझन ५ ५६०० मध्येही नसतं.

एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर पैसे वाचवू नका, एवढा आग्रह नक्की धरावासा वाटतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसच्या स्टिकरवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या ओळीवर तो किती अँपिअर देतो हे वाचलं की खरी ताकद कळते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. हिशोब सोपा आहे: ६५ वॅट वर्गातला एएम५ प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जातो, मध्यम ग्राफिक्स कार्ड १६० ते २००, बाकी सगळं मिळून ५० धरा. बेरीज साडेतीनशेच्या आत येते. तरी ५५० वॅटचा घ्यावा, कारण ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं आपल्या ठरलेल्या मर्यादेच्या बरंच वर उसळतं आणि तेवढ्यानेच कमकुवत एसएमपीएस बंद पडतो. ‘८० प्लस’चा शिक्का किती वीज उष्णतेत वाया जाते एवढंच सांगतो, शॉर्टसर्किट झाल्यावर एसएमपीएस आपल्याला वाचवेल का हे सांगत नाही.

प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं जीएसटी बिल घ्या. कच्च्या बिलावर वॉरंटी मागायला गेलात तर दारातूनच परत यावं लागतं. प्रोसेसर बंद खोक्यातला हवा. ‘ट्रे’, म्हणजे खोक्याविना सुटा मिळणारा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी बहुधा विकणाऱ्यापुरतीच असते.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी भिंतीतलं सॉकेट तपासा. पेठांतल्या जुन्या वाड्यांत, आणि कित्येक जुन्या सोसायट्यांतही, तिसऱ्या पिनेचं भोक असतं पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. अशा घरात चालू संगणकाच्या उघड्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. याचं कारण एसएमपीएसमध्ये आहे. वीज गाळण्यासाठी तिथे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा जमिनीला जोडलेला नसेल तर तो दोघांच्या मधोमध लटकतो आणि २३० च्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर राहतो. प्रवाह एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असल्याने माणसाला इजा होत नाही, पण चालू टीव्हीची एचडीएमआय केबल अशा संगणकाला लावताना पोर्ट जळू शकतो. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं. सवय नसेल तर हे मोजमाप वायरमनकडून करून घ्या. आणि तो सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थिंगची तार जोडून ‘झालं’ म्हणाला तर ठामपणे नाही म्हणा. मीटरवर आकडे अगदी बरोबर दिसतील, पण पुढे कधी न्यूट्रल तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील.

अर्थिंग असलं की स्थिर विजेचा प्रश्नही निम्मा सुटतो. अंगावरची ठिणगी आपल्याला साधारण ३००० व्होल्टनंतर जाणवते, चिपला मात्र काहीशे व्होल्टही पुरतात. म्हणजे काही न जाणवताही नुकसान होऊ शकतं. पुण्यातली एप्रिलची कोरडी दुपार आणि सिंथेटिक कपडे ही जोडी यासाठी वाईट. पावसाळ्यात दमट हवा हा भार आपोआप उतरवते. एसएमपीएसचा प्लग भिंतीत घालून ठेवा, भिंतीवरचं आणि एसएमपीएसचं अशी दोन्ही बटणं बंद ठेवा, आणि दर थोड्या वेळाने त्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थिंग जोडलेलंच राहतं.

आता जोडणी. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या करड्या पिशवीतून तो आला तिच्यावर ठेवून चालू करू नका, तिचा पृष्ठभाग वीज वाहू शकतो. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना बोर्डावर असतात. त्यांना बोट लागलं तरी वाकतात आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो सरळ खाली ठेवा, दाबू नका. दांडी बंद करताना चांगलाच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, ते बरोबर आहे. प्लॅस्टिकचं झाकण तेव्हा आपोआप निघून येतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर झाकणाशिवाय घेत नाहीत.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील आणि स्लॉट चार, तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. पहिल्या दोन स्लॉटमध्येही त्या सहज बसतात, संगणक चालतोही, पण दोन्ही पट्ट्या एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर गेल्याने मेमरीचा वेग जवळपास निम्मा होतो. खाच इथे काहीच सांगत नाही. पट्टी दोन्ही टोकांना ‘टक’ होईपर्यंत दाबा. डिस्प्ले न येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण अर्धवट बसलेली रॅम हेच असतं.

एम.२ एसएसडी (माहिती साठवणारी छोटी पट्टी) तिरकी घालून, आडवी दाबून एका स्क्रूने धरायची. तो इवलासा स्क्रू मदरबोर्डच्या खोक्यातल्या पुडीत असतो. वर हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा तुकडा) असेल तर त्याच्या पॅडवरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा काढा.

तसाच पापुद्रा कूलरच्या बुडाशी असतो. तो तसाच राहिला तर संगणक सुरू होतो आणि थोड्याच वेळात प्रोसेसर वेग कमी करतो किंवा बंद पडतो. इथे किती उष्णतेशी गाठ आहे ते बघा. रायझन ७००० मधला गणन करणारा चिप-तुकडा साधारण ७१ चौरस मिलिमीटरचा आहे, आणि त्यातून ७० वॅट निघत असतील तर दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॅट होतात. स्वयंपाकघरातली २००० वॅटची इंडक्शन शेगडी २० सेंटिमीटरच्या वर्तुळावर पूर्ण ताकदीने चालली तरी दर चौरस सेंटिमीटरला साडेसहाच्या आसपासच देते. ही उष्णता कूलरच्या धातूत शिरायला हवी, पण दोन गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागांमध्येही बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांबं हवेच्या तुलनेत पंधरा-सोळा हजार पट चांगली उष्णता वाहतं. थर्मल पेस्ट या खळग्यांतली हवा हटवते, पण ती स्वतः तांब्यापेक्षा पन्नास ते शंभर पट कमकुवत वाहक आहे. म्हणून ती खळगे भरण्यापुरतीच हवी, जाड थर झाला की तीच आडवी येते. मधोमध मटाराच्या दाण्याएवढी पुरते. कूलरच्या दाबाने ती पसरते. कूलरचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा, नाहीतर बोर्ड सुरू होतानाच तक्रार करतो.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कॅबिनेटमध्ये घालण्याआधी खोक्यावरच एकदा चालवून बघा. बोर्डावरच्या, पॉवर बटणाची वायर लागते त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की बोर्ड सुरू होतो. डिस्प्ले आला की पुढे कुठेही अडलं तर चूक कॅबिनेटच्या बाजूला आहे हे कळतं, आणि शोध निम्म्यावर येतो.

कॅबिनेटमध्ये बोर्ड पितळी स्टँडऑफवर, म्हणजे पत्र्यापासून त्याला उचलून धरणाऱ्या छोट्या खुंट्यांवर टेकतो. पूर्ण आकाराच्या बोर्डासाठी नऊ स्टँडऑफ बहुधा आधीच लावलेले असतात. छोटा मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणला असेल तर भोक नसलेल्या जागेचा जास्तीचा स्टँडऑफ काढून टाका. तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकला की शॉर्ट होतो, आणि समोरून काही दिसत नाही.

वीजजोडणीत दोन ठिकाणी थांबा. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग चार अधिक चार असा फुटतो, ग्राफिक्स कार्डाचा सहा अधिक दोन असा. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट आहेत. खाचा वेगळ्या आहेत, पण प्लॅस्टिक नरम असतं आणि हट्टी हात ते घुसवतो. प्लग सहज जात नसेल तर तो चुकीचा आहे असंच धरा. दुसरी जागा जास्त घातक आहे. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये केबलचं जे टोक एसएमपीएसकडे जातं, त्याच्या पिनांची मांडणी कोणत्याही नियमाने ठरलेली नाही. जुन्या एसएमपीएसची केबल नव्यात अगदी छान बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवते. हार्ड डिस्क त्याच क्षणी जाते, आतल्या माहितीसह. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या केबलीही बदला, कंपनी तीच असली तरीही.

समोरच्या बटणांच्या बारीक वायरी मदरबोर्डच्या पुस्तिकेतलं चित्र बघून लावा. पॉवर आणि रिसेटला उलटसुलट चालतं, दिव्यांना चालत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ असेल तर पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमशी वेळेचा ताळमेळ शोधत असतो, घाबरून बटण दाबू नका. त्यानंतरही काही नसेल तर आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातच लागली आहे ना हे बघा, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही. मग बोर्डावरचे छोटे दिवे वाचा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) यांपैकी जो लागून राहतो तिथे अडलं आहे. डीरॅम असेल तर एकच पट्टी प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.

विंडोज आलं तरी दोन गोष्टी राहतात, आणि त्या राहिल्याचं संगणक कधीच सांगत नाही. ६००० ची म्हणून घेतलेली डीडीआर५ रॅम बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी हे (रॅमचा छापील वेग लावणारं) सेटिंग चालू करेपर्यंत ४८०० च्या किंवा तशाच कमी वेगाने धावते. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर डिस्प्ले सेटिंगमध्ये बदलेपर्यंत बहुधा ६० वरच असतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. वीज गेल्यावर एसएमपीएसचे कपॅसिटर संगणकाला साधारण १६-१७ मिलिसेकंद तगवतात, ५० हर्ट्झच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. वेगळा यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे सुमारे ३६० वॅट हे लक्षात ठेवा.

शेवटी अर्धा तास प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून तापमान बघा, आणि शेजारी खोलीचं तापमानही लिहून ठेवा. कूलर ठरवतो तो दोघांमधला फरक. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा प्रोसेसर एप्रिलच्या ३६ अंशांत ८६ च्या आसपास जाणार, त्यात बिघाड काही नाही. रायझन ७००० च्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. पण तोच भार असताना फरक ५० वरून ६० झाला, तर समोरच्या जाळीत धूळ बसली आहे. शेजारी बांधकाम चालू असेल तर हे दोन-तीन महिन्यांतही होतं. जाळी काढून धुवा, पूर्ण वाळल्यावर बसवा, पुन्हा मोजा. तरीही फरक उतरला नाही तरच कूलर काढून नवी पेस्ट लावा.