विद्यापीठांचे मोफत व्हिडिओ अभ्यासक्रम

विद्यापीठाच्या वर्गातला किंवा त्याच पातळीचा एखादा विषय व्हिडिओ व्याख्यानांतून कुणालाही इंटरनेटवर विनाशुल्क शिकता यावा, अशी सोय. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही, हजेरी नाही. गणित, भौतिकी आणि संगणकशास्त्र यांचा भरणा मोठा असला तरी तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र याही विषयांची अख्ख्या सत्राची व्याख्याने सापडतात.

घरबसल्या विद्यापीठ ही कल्पना तशी जुनी. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची व्याख्याने १९७१ पासून बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर लागत; पण ठरलेली वेळ चुकली की व्याख्यान हुकले. ती अडचण इंटरनेटने मिटवली. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने आपल्या जवळपास सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला खुले करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी ५० अभ्यासक्रमांनिशी ‘ओपनकोर्सवेअर’ सुरू झाले. त्यात मुख्यतः टिपणे, गृहपाठ आणि प्रश्नपत्रिका होत्या, व्हिडिओ थोडेच. नाव मात्र झाले ते व्हिडिओंचे.

एमआयटीत गणित शिकवलेल्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने हे त्याचे ठळक उदाहरण. चित्रीकरण १९९९ चे, वर्गातलेच: खडू, फळा आणि एक शिक्षक. पहिल्या व्याख्यानात ते दोन अज्ञातांची दोन साधी समीकरणे घेतात. आधी त्यांच्या दोन रेषा काढून (१, २) या बिंदूत छेदताना दाखवतात, मग तीच समीकरणे उभ्या स्तंभांत मांडून सदिशांची, म्हणजे लांबी आणि दिशा असलेल्या बाणांची, बेरीज म्हणून वाचतात. उत्तर तेच, पाहण्याची तऱ्हा वेगळी. पुढचा सगळा विषय या दुसऱ्या तऱ्हेवर उभा आहे. चित्रण जुनाट दिसते, पण त्यावाचून काही अडत नाही.

भारतात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटीईएल हा अशाच मोफत व्हिडिओ अभ्यासक्रमांचा उपक्रम हाती घेतला. येल विद्यापीठाने डिसेंबर २००७ मध्ये सात अभ्यासक्रमांची वर्गातली व्याख्याने लेखी संहितेसह खुली केली.

२०११ च्या शरद सत्रात स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले आणि वारे फिरले. २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स ही अनेक विद्यापीठांचे अभ्यासक्रम देणारी संकेतस्थळे निघाली. इथली व्याख्याने वर्गात टिपलेली नसून बहुतेक कॅमेऱ्यासाठीच बेतलेली: छोटे तुकडे, मध्ये प्रश्न, गृहपाठाला मुदत. एडएक्सवरील व्हिडिओंच्या २०१४ मधील एका अभ्यासात दिसले की, व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. नाव नोंदवणाऱ्यांपैकी फार थोडे शेवटपर्यंत पोचतात, ही तक्रारही नेहमीची. ती मला अर्धीच पटते. रेषीय बीजगणितातल्या आयगेन मूल्ये या एका कठीण संकल्पनेपाशी अडलेला विद्यार्थी स्ट्रँग यांचे एकविसावे व्याख्यान तेवढे पाहून निघून गेला, तर त्याचे काम झाले. आकडेवारीत मात्र तो गळालेला.

‘मोफत’ या शब्दाचा अर्थ जागेनुसार बदलतो. ओपनकोर्सवेअरवर सगळे फुकट, पण प्रमाणपत्रही नाही. एनपीटीईएलवर शिकणे फुकट. प्रमाणपत्र हवे तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. कोर्सेरा-एडएक्सवर प्रमाणपत्राला पैसे पडतात, आणि गुणांकित चाचण्याही अनेकदा त्याच कुंपणाआड असतात. विनानफा म्हणून उभे राहिलेले एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना एका खासगी कंपनीला विकले गेले.

फुकट ठेवलेले कायम फुकट राहीलच असेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने वर्षानुवर्षे वर्गातली व्याख्याने खुली ठेवली होती. त्यांना नीट उपशीर्षके नसल्याने कर्णबधिरांनी तक्रार केली. २०१६ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ती उचलून धरली, आणि मार्च २०१७ पासून विद्यापीठाने २०,००० हून अधिक ध्वनी-चित्रफिती सार्वजनिक नजरेआड केल्या. काहींनी त्या वेळीच उतरवून घेतल्या म्हणून त्यांच्या प्रती उरल्या. तक्रार रास्त होती, उपाय मात्र सगळ्यांनाच महागात पडला. २०२२ च्या अखेरीस साहित्य सर्वांना वापरता येईल असे करण्याचा समझोता झाला. उपशीर्षकांनी कर्णबधिरांना बोललेले शब्द मिळतात. पण “आता हे इथून काढून तिकडे घाला” असे शिक्षकाने फळ्यावर बोट ठेवून म्हटले, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याला ‘हे’ म्हणजे काय ते कुणीतरी वेगळे सांगावे लागते.