कॉमन मोड चोक की डिफरन्शियल मोड चोक?

चोक म्हणजे सप्लायच्या तारांतला नॉइज अडवणारी कॉइल. कॉमन मोड चोक दोन्ही तारांतून एकाच दिशेने येणारा नॉइज अडवतो, तर डिफरन्शियल मोड चोक एका तारेतून जाऊन दुसरीतून परतणारा. गोल कोअरवर (चुंबकीय गाभ्यावर) तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंग दिसली की तो कॉमन मोड चोकच, असं धरून चालू नका. डिफरन्शियल मोड चोकही तसाच दिसू शकतो. फरक वेढ्यांच्या दिशेत आणि कोअरच्या मटेरिअलमध्ये असतो.

कॉमन मोड चोकमध्ये जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लोड करंटचे फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) एकमेकांना रद्द करतात. कोअर सहसा सॅच्युरेट होत नाही, म्हणजे त्याची फ्लक्स पेलायची क्षमता संपत नाही, त्यामुळे मँगनीज-झिंक फेराइटवर 10 मिलिहेन्रीसुद्धा मिळवता येतात. दोन्ही तारांतून एकाच दिशेने येणाऱ्या नॉइजपुढे मग 150 किलोहर्ट्झला सुमारे 9.4 किलोओहमचा अडथळा उभा राहतो. डिफरन्शियल चोकला ही सवलत नाही. लोडचा सगळा फ्लक्स त्याच्या कोअरला पेलावा लागतो, म्हणून एअर गॅप किंवा आयर्न पावडर कोअर हवा.

हाय व्होल्टेजमध्ये मात्र खरी कसोटी इन्सुलेशनची. कॉमन मोड चोकच्या दोन वाइंडिंगमध्ये लाइनचं पूर्ण व्होल्टेज कायम असतं. दोन्ही तारा जोडीने गुंडाळून नुसत्या इनॅमलवर (तारेवरच्या इन्सुलेटिंग लेपावर) भिस्त ठेवणं मला मुळीच पटत नाही. इनॅमलला सूक्ष्म छिद्रं असू शकतात. वाइंडिंग कोअरच्या दोन वेगळ्या भागांवर ठेवा, आणि कोअरवरही इन्सुलेशन द्या, कारण मँगनीज-झिंक फेराइट थोडाफार वाहक असतो. अंतरामुळे लीकेज इंडक्टन्स, म्हणजे दुसऱ्या वाइंडिंगशी न जोडल्या गेलेल्या फ्लक्सचा इंडक्टन्स, वाढतो. तो छोट्या डिफरन्शियल चोकसारखा उपयोगी पडतो. पण लीकेजचा फ्लक्स रद्द होत नाही, म्हणून पीक करंटला सॅच्युरेशन तपासायलाच हवं.

डिफरन्शियल चोकवर एरवी व्होल्टेज कमी असतं. स्विचिंगच्या क्षणी किंवा फ्लॅशओव्हर झाल्यास (इन्सुलेशन ओलांडून ठिणगी उडाल्यास) मात्र मोठा झटका त्याच्या टोकांवर येतो, आणि सुरुवातीच्या वेढ्यांवर सर्वांत जास्त. एकच थर घ्या किंवा वाइंडिंग विभागून घ्या, पण सुरुवात आणि शेवट शेजारी आणू नका.

त्याने स्ट्रे कपॅसिटन्सही (वेढ्यांमध्ये आपोआप तयार होणारा कपॅसिटन्स) घटतो, आणि तो दोन्ही चोकना नडतो. 10 मिलिहेन्रीसोबत 20 पिकोफॅरड असले तर सुमारे 356 किलोहर्ट्झला रेझोनन्स येतो. त्यापुढे चोक कपॅसिटरसारखा वागतो.

हातातला चोक ओळखायचा तर लोडकडची दोन टोकं शॉर्ट करा आणि सप्लायकडच्या टोकांना एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारं मीटर) लावा. कॉमन मोड असेल तर फक्त लीकेज दिसेल; डिफरन्शियल असेल तर एका वाइंडिंगच्या जवळपास चौपट इंडक्टन्स.